घटपर्णीचे ताट वर असते, मुळाशी नसते



गेल्या काही महिन्यांत या सदराकडे एकच तक्रार निरनिराळ्या शब्दांत आली. "नर्सरीतून घटपर्णीचे झाड आणले. आणले तेव्हा सात-आठ सुरया लोंबत होत्या. आम्ही नवी मोठी कुंडी घेतली, चांगली माती घातली, शेणखत घातले, रोज पाणी दिले. दोन महिन्यांत सुरया वाळल्या, नवी एकही आली नाही, आता पानांच्या कडा करपू लागल्या आहेत." झाडासाठी काहीशे रुपये मोजलेले असतात. त्याहून जास्त वाईट वाटते ते मुलांना, कारण हट्ट त्यांचाच असतो.

अशा तक्रारींचे उत्तर बहुतेक वेळा 'चांगली माती' या दोनच शब्दांत सापडते. गुलाबाला, मोगऱ्याला, वांग्याला जी माती चांगली, ती घटपर्णीला विष. म्हणून या महिन्यात फक्त तिच्या कुंडीत काय भरावे, एवढ्याच विषयावर बोलू.

आधी झाड ओळखू या. मराठीतले नाव अगदी नेमके आहे. घट म्हणजे घडा आणि पर्ण म्हणजे पान. उर्दूच्या तासाला आम्ही मुलांना 'सुराही' म्हणून समजावतो. पानाचे टोक दोरीसारखे लांबते, खाली उतरते आणि त्याच्या शेवटी झाकणाची सुरई तयार होते. ते फूल नव्हे, ते पानच. सुरईच्या काठावर गोड रस असतो. मुंगी किंवा माशी त्यासाठी येते, ओल्या काठावरून घसरते आणि आतल्या पाण्यात पडते. त्या पाण्यातले पाचक रस किड्याचे शरीर विरघळवतात आणि त्यातले नत्र व स्फुरद झाड शोषून घेते.

जगात या झाडाच्या दीडशेहून अधिक जाती आहेत. बोर्निओ, सुमात्रा, फिलिपाइन्स हे त्यांचे मुख्य घर. आपल्या देशात रानात फक्त एक जात सापडते, ती मेघालयात, खासी, जैंतिया आणि गारो टेकड्यांवर. सर जोसेफ हुकर या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८७३ मध्ये तिला खासी टेकड्यांवरूनच शास्त्रीय नाव दिले. पुढच्याच वर्षी, १८७४ मध्ये, बेलफास्टच्या विज्ञान परिषदेत त्याने या झाडांच्या सुरया खरोखर अन्न पचवतात हे प्रयोगांनिशी मांडले. १८७५ मध्ये चार्ल्स डार्विनचे कीटकभक्षी वनस्पतींवरचे पुस्तक आले.

झाडाला ही एवढी खटपट का करावी लागते? कारण ते जिथे उगवते तिथल्या मातीत खायला काही नसते. पाऊस इतका पडतो की मातीतले क्षार धुऊन जातात. मग मुळांनी फक्त पाणी प्यायचे आणि झाड धरून ठेवायचे, जेवण पानांनी मिळवायचे, अशी कामाची वाटणी झाली. त्यामुळे या झाडाची मुळे काळी, बारीक आणि नाजूक असतात. खताचा भार त्यांना सोसत नाही.

हे समजायला मेघालयापर्यंत जायची गरज नाही. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात जांभ्याचे सडे आहेत. ऑगस्ट-सप्टेंबरात त्या उघड्या कातळावर, जेमतेम बोटभर मातीत, लालसर केसांचे एक चिमुकले झाड दिसते. प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब. त्याला दवबिंदू म्हणतात. शेजारीच जांभळी-निळी सीतेची आसवे फुललेली असतात. त्यांच्या मातीतल्या भागांवर बारीक फुगे असतात आणि त्या फुग्यांत पाण्यातले सूक्ष्म जीव अडकतात. दोन्ही झाडे कीटकभक्षी. आम्ही राहतो त्या पोफळीहून कुंभार्ली घाट चढून पाटणमार्गे साताऱ्याकडे गेले की कासचे पठार लागते. तिथेही हीच झाडे आहेत, आणि त्या पठाराला २०१२ मध्ये पश्चिम घाटातील इतर स्थळांबरोबर जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली. ज्या जमिनीला आपण 'काही पिकत नाही' म्हणून नावे ठेवतो, तिथेच ही मंडळी सुखाने राहतात. तिथे शेणखताची टोपली नेऊन टाकली तर गवत माजेल आणि दवबिंदू गायब होईल.

आमच्या मोहल्ल्यातल्या एका खालांना हे काही केल्या पटेना. पुण्याहून आलेल्या नातवाने त्यांना घटपर्णी आणून दिली होती. त्या म्हणाल्या, "दाराशी आलेल्याला उपाशी ठेवायची रीत आमच्या घरात नाही, आणि तुम्ही शाळेतली माणसं झाडाला उपाशी ठेवा म्हणता!" आम्ही त्यांना म्हटले, "खाला, उपाशी नाही. त्याचे ताट वर आहे, मुळाशी नाही. आपण खालून वाढत राहिलो तर वरचे ताट ते मांडणारच नाही." आणि हे खरे आहे. मुळाशी नत्र भरपूर मिळाले तर झाड जगले तरी सुरया कमी करते. आपण झाड आणतो ते तर सुरयांसाठीच.

आता कुंडीकडे वळू. कुठलेही मिश्रण घेताना चार प्रश्न विचारावेत.

पहिला, ते ओलावा धरते का? दुसरा, ओले असतानाही त्यात हवा खेळते का? तिसरा, त्यात खत किंवा मीठ आहे का? चौथा, त्यात चुना आहे का? पहिल्या दोन प्रश्नांना 'हो' आणि शेवटच्या दोघांना 'नाही' असे उत्तर आले की मिश्रण योग्य. नाव काहीही असो, पिशवीवर चित्र कसलेही असो.

बागेतली माती दुसऱ्या प्रश्नाला नापास होते. सतत ओली राहिली की ती घट्ट बसते, मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात. बाजारात 'तयार पॉटिंग मिक्स' म्हणून मिळणाऱ्या पिशव्यांत बहुधा गांडूळखत किंवा निंबोळी पेंड असते, म्हणून त्या तिसऱ्या प्रश्नाला नापास. पिशवी उलटी करून घटक वाचल्याशिवाय घेऊ नका.

आता एकेक जिन्नस तपासू.

स्फॅग्नम मॉस. हे थंड प्रदेशातल्या दलदलीत वाढणारे शेवाळ, वाळवून विकतात. आपल्याकडे येणारे चांगले मॉस बहुधा न्यूझीलंड किंवा चिलीचे असते. ते स्वतःच्या वजनाच्या अनेक पट पाणी धरते, आम्लधर्मी असते आणि त्यात खत जवळजवळ नसते. घटपर्णीला ते फार मानवते. दोष दोन. एक, महाग आहे. दुसरा, आपल्या पावसाळ्यात नुसते मॉस भरले तर ते चार महिने निथळतच नाही. म्हणून त्यात हवा धरणारे काहीतरी मिसळावेच लागते.

पीट. हेही त्याच दलदलींतून येते, पण शेकडो-हजारो वर्षे साठून काळे झालेले असते. परदेशी पुस्तकांत पीट आणि परलाइट समसमान घ्या असे लिहिलेले असते. कोरड्या थंड हवेत ते चालते. कोकणातल्या पावसात बारीक पीटचा चिखल होतो. शिवाय ते काढण्यासाठी दलदली खणाव्या लागतात आणि त्या पुन्हा भरायला अनेक पिढ्या जातात. आपल्याकडे दुसरा पर्याय असताना त्याच्या वाटेला जाऊ नये.

परलाइट. ज्वालामुखीची काच सुमारे ८५० ते ९०० अंश सेल्सिअसला तापवली की लाहीसारखी फुलते. ते पांढरे, हलके खडे म्हणजे परलाइट. त्यात खत नाही, मीठ नाही. काम एकच, हवेला जागा ठेवणे. पिशवी उघडताना आधी थोडे पाणी शिंपडा, नाहीतर त्याची धूळ नाकात जाते.

लोणारी कोळसा. लाकडाचा साधा कोळसा, वाटाण्याएवढे तुकडे करून. लवकर कुजत नाही, मिश्रण मोकळे ठेवतो. पण आधी धुऊन त्यावरची राख पूर्ण काढा. राख अल्कधर्मी असते आणि या झाडाला आम्लधर्मी जागा हवी. चुलीतली राख 'झाडांना चांगली' म्हणून घालायची सवय इथे अजिबात नको.

जांभ्याचे खडे. चिऱ्याचे बारीक तुकडे, मटार ते हरभऱ्याएवढे, धुऊन धूळ काढलेले. परलाइट मिळत नसेल तर थोड्या प्रमाणात चालतात. जड असतात, म्हणून टांगायच्या कुंडीत कमी घाला. पाडलेल्या भिंतीचे तुकडे मात्र घेऊ नका, त्यांना चुना किंवा सिमेंट चिकटलेले असते.

वाळू. इथे आम्हा कोकणवासीयांनी सावध राहायला हवे. समुद्राच्या वाळूत मीठ तर असतेच, शिंपल्यांचा चुराही असतो, म्हणजे चुना. ती कितीही धुतली तरी चुना जात नाही. घरच्या घरी परीक्षा करा. चमचाभर वाळूवर व्हिनेगर टाका. फेस आला की ती वाळू या कुंडीसाठी बाद.

नारळाचे सोडण. हा आपला घरचा जिन्नस, म्हणून शेवटी राखून ठेवला. सोडणाचे तुकडे ओलावा धरतात, मध्ये हवा ठेवतात, सहज मिळतात आणि फुकट मिळतात. पण सोडणात मुळातच पालाश आणि मीठ असते. किनाऱ्यावरच्या झाडांचे, किंवा काथ्यासाठी खाडीच्या पाण्यात भिजत घातलेले सोडण असेल तर मीठ आणखी जास्त. बाजारातल्या कोकोपीटच्या विटेतही हेच मीठ असू शकते. मग लोक सांगतात, 'कोकोपीटमध्ये लावले आणि मेले.' ते कोकोपीटने मेलेले नसते, न धुतल्याने मेलेले असते.

म्हणून धुण्याची रीत नीट सांगतो. जुने, पूर्ण वाळलेले सोडण घ्या. कात्रीने किंवा कोयतीने साधारण एक ते दीड सेंटिमीटरचे तुकडे करा. चाळून भुकटी वेगळी काढा, ती मोगऱ्याला घाला. तुकड्यांवर एकदा कडकडीत गरम पाणी ओता, म्हणजे मुंग्यांची अंडी, बुरशी जाते. मग पावसाच्या पाण्यात रात्रभर भिजवा आणि सकाळी पाणी ओतून टाका. पहिल्या दिवशी पाणी काळ्या चहासारखे निघेल. हेच चार-पाच दिवस रोज करा. पाणी फिक्या चहासारखे झाले की झाले, असा ढोबळ अंदाज.

नेमके पाहायचे असेल तर टीडीएस मीटर घ्या. घरचे पाणी शुद्ध करणारे यंत्र बसवायला येणारा माणूस जो पेनासारखा मीटर पाण्यात बुडवतो, तोच. पाण्यात विरघळलेले क्षार तो आकड्यात दाखवतो. शेवटच्या रात्रीचे भिजवणीचे पाणी ५० पीपीएमच्या खाली आले तर उत्तम. १०० च्या वर असेल तर अजून धुवा.

आता प्रमाण. आमच्या घरी आणि शाळेच्या व्हरांड्यात जे वापरतो ते असे.

कोकणातल्या पावसाळी हवेसाठी: धुतलेले सोडणाचे तुकडे दोन वाट्या, परलाइट एक वाटी, कोळशाचे तुकडे एक वाटी आणि मूठभर मॉस. मॉस खाली दाबून भरू नका, तोडून सगळ्यात मिसळा.

सोलापूर, नागपूर, छत्रपती संभाजीनगर अशा कोरड्या गावांसाठी: मॉस दोन वाट्या, परलाइट एक वाटी, सोडणाचे तुकडे एक वाटी. कुवेत-दुबईत राहणाऱ्या आपल्या भावंडांनाही हेच लागू, कारण एसीच्या खोलीतली हवा फार कोरडी असते. तिथे मॉस कमी केले तर कुंडी दिवसाभरात सुकते.

मिश्रण जमले की नाही हे पाहायच्या दोन खुणा. ओले मिश्रण मुठीत दाबा. दोन-चार थेंब पडावेत आणि मूठ उघडताच ते पुन्हा मोकळे व्हावे. गोळा तसाच राहिला तर हवा कमी आहे, परलाइट किंवा कोळसा वाढवा. दुसरी खूण, कुंडी भरल्यावर वरून तांब्याभर पाणी ओता. ते वर साचून न राहता लगेच खालून निघायला हवे.

कुंडी प्लॅस्टिकची घ्या, खाली भरपूर भोके असलेली. मातीच्या कुंडीच्या भिंतीत क्षार साठत जातात. फार मोठी कुंडीही नको, मुळे थोडी आणि ओलावा फार असे होते. कुंडीखाली पाण्याची बशी भरून ठेवू नका. या झाडाला ओलावा हवा, पाण्यात उभे राहणे नको.

एवढे करून पाणी मात्र बोअरवेलचे घातले तर धुतलेले सोडण महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा खारट होईल. मिश्रण आणि पाणी हा एकच हिशेब आहे. पाण्याचा टीडीएसही ५० च्या आसपास किंवा खाली हवा. आपल्याला ते आकाशातून मिळते. पोफळी हे पाण्यावर नाव कमावलेले गाव. कोयनेचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून उतरून इथल्या वीजगृहात वीज देते. तरीही मे महिन्यात कुंडीला घालायला पावसाचे पाणी घरात नसते, कारण आपण साठवत नाही. २०० लिटरचे एक झाकणाचे पिंप पागोळीखाली ठेवा. पहिले काही दिवस कौले धुऊन जाऊ द्या, मग भरा. नव्या सिमेंटच्या स्लॅबवरून आलेले पाणी घेऊ नका, त्यात चुना उतरतो. ऑक्टोबर ते मे हे साधारण २४० दिवस. रोज ८०० मिलिलिटर वापरले तरी पिंप पुरते, म्हणजे दोन-तीन लहान कुंड्यांची सोय झाली. पिंपाच्या तोंडाला कापड बांधा, डास होणार नाहीत. शहरात असाल तर आरओचे शुद्ध पाणी चालेल. त्या यंत्रातून वाया जाणाऱ्या नळीचे पाणी मात्र कधीच नको, सगळे क्षार त्यातच एकवटलेले असतात.

कुंडी बदलायची वेळ म्हणजे पाऊस स्थिरावल्यावरचे दिवस किंवा सप्टेंबर. हवा दमट असते, झाडाला धक्का कमी बसतो. मे महिन्याच्या उन्हात हे काम करू नका. जुनी माती झटकून काढू नका. पावसाच्या पाण्याच्या बादलीत मुळांचा गोळा बुडवून ती हळूच सुटू द्या. नव्या मिश्रणात बसवल्यावर दोन आठवडे सावलीत ठेवा, मग सकाळच्या कोवळ्या उन्हात आणा. आधीच्या सुरया वाळतील, घाबरू नका. नव्या यायला दोन-तीन महिने लागतात. सोडणाचे तुकडे हळूहळू कुजतात, म्हणून साधारण दोन वर्षांनी मिश्रण बदला.

मुलांना एक गोष्ट निक्षून सांगा. सुरईत चपातीचा तुकडा, भात, मटण टाकायचे नाही. हुकरने अंड्याचा पांढरा बलक आणि मांसाचे कण घालून पाहिले, ते प्रयोगासाठी. आपल्या घरी ते कुजेल आणि सुरई काळी पडेल. व्हरांड्यात मुंग्या आहेत, चिलटे आहेत, झाड आपले पाहून घेते.

नर्सरीत निवड करतानाही थोडे लक्ष द्या. काही जाती उंच डोंगरावरच्या असतात, त्यांना रात्री गारवा लागतो. आपल्या उकाड्यात त्या कितीही उत्तम मिश्रणात लावल्या तरी झुरतात. 'वेंट्राटा' नावाचा संकर काटक आहे, नवख्यांनी त्यानेच सुरुवात करावी. मेघालयातल्या रानातून उपटलेले रोप कुणी देऊ केले तर घेऊ नका. त्या जातीच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर सर्वांत कडक बंधन आहे. नर्सरीत बियांपासून किंवा फांदीपासून वाढवलेलेच रोप मागा.

हीच गोष्ट आपल्या सड्यावरच्या दवबिंदूची. मुले प्रकल्पासाठी तो उपटून आणतात, कुंडीत काळी माती आणि खत घालतात, आणि आठवडाभरात तो संपतो. तो वर्षभराचे छोटे आयुष्य घेऊन आलेला असतो. बी सड्यावर पडले तरच पुढच्या पावसात पुन्हा उगवतो. मुलांना तिथे न्या, गुडघ्यावर बसवा, भिंग द्या. चित्र काढू द्या. झाड तिथेच राहू द्या. आणि आंब्याची बाग करण्यासाठी सड्यावर सुरुंग लावून, बाहेरून माती आणून भरताना निदान एकदा विचार करा की सगळा सडा भरायचा की थोडा तसाच ठेवायचा. आपण 'माती सुधारतो' तेव्हा त्या मातीवर आधीच कोण राहत होते, हे पाहायला हवे.

खालांच्या घटपर्णीचे काय झाले, असे विचाराल. त्यांनी शेणखताची माती काढली, सोडण पाच दिवस धुतले, परलाइट चिपळूणहून मागवले. तीन महिन्यांनी पहिली नवी सुरई आली, करंगळीएवढी. झाडाला खायला काही नाही याची हुरहूर त्यांना अजूनही वाटते, पण आता त्या शेणखत मोगऱ्याला घालतात.

या महिन्यात ज्यांच्याकडे घटपर्णी आहे त्यांनी एवढेच करावे. कुंडीतली चिमूटभर माती बोटात घ्या, चारही प्रश्न विचारा. उत्तर बरोबर येत नसेल तर आजच सोडण भिजत घाला.